इलेक्ट्रॉनिक त्वचा: अंगाला न दुखवता मोजणारी पट्टी



ज्ञानेंद्रियांचा पाठ प्राथमिकला आपण सगळेच शिकवतो. डोळे, कान, नाक, जीभ यांच्याबद्दल मुलं भरभरून बोलतात. त्वचेपाशी आलं की मात्र "गरम-गार कळतं, टोचलेलं कळतं" इथंच पाठ संपतो. खरं तर आज जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा ज्या इंद्रियाची नक्कल करण्यासाठी धडपडत आहेत, ते इंद्रिय म्हणजे त्वचाच. या नकलेला इलेक्ट्रॉनिक त्वचा किंवा ई-स्किन म्हणतात.

"अंगावर चिकटवा आणि आजार ओळखा" अशा थाटाच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. मुलं वर्गात विचारतात, पालकही विचारतात. म्हणून हा लेख. ई-स्किन म्हणजे नक्की काय, ती कशी बनते, तिची सर्वांत जास्त गरज कोणाला आहे आणि आपण कुठे सावध राहायचं, हे क्रमाने बघू. वर्गात करता येतील अशा तीन सोप्या कृतीही मध्येमध्ये दिल्या आहेत.

आधी खरी त्वचा समजून घेऊ

मोठ्या माणसाची सगळी त्वचा पसरून ठेवली तर ती साधारण दीड ते दोन चौरस मीटर भरते. म्हणजे जवळजवळ एका माणसाच्या गादीएवढी. आपल्या शरीराच्या सर्वांत मोठ्या अवयवांपैकी ती एक.

आता मुलांना कोपर वाकवून बघायला सांगा. बाहेरच्या बाजूची त्वचा ताणली जाते, आतल्या बाजूची दुमडते. हात सरळ केला की दोन्ही पुन्हा पहिल्यासारख्या. दिवसातून हजार वेळा असं होतं, पण त्वचा फाटत नाही. शिवाय तिच्यातून घाम बाहेर पडतो, आणि वरचा थर झिजत राहतो तसा खालून नवा येत राहतो. ताणणं, दुमडणं, घाम जाऊ देणं आणि स्वतःला दुरुस्त करणं हे त्वचेचे चार गुण लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख यांच्याभोवती फिरणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराच्या आतल्या बऱ्याच बातम्या त्वचेपर्यंत पोहोचतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्ताची एक लाट मनगटापर्यंत येते, तीच नाडी. हृदयाचे स्नायू आकुंचन पावताना अगदी क्षीण वीज तयार होते. ती छातीच्या त्वचेवर साधारण एक मिलिव्होल्ट एवढी मोजता येते. घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलचा दीड व्होल्ट घेतला, तर त्याचा दीड हजारावा भाग! तापमान त्वचेवर कळतं. घामात मीठ, पोटॅशियम, साखर यांचे अंश असतात. म्हणजे सुई न टोचताही शरीराबद्दल पुष्कळ काही कळू शकतं, फक्त ते टिपणारं साधन त्वचेला नीट चिकटून बसायला हवं.

कृती १: नाडीची काडी. मळलेल्या कणकेची किंवा क्लेची वाटाण्याएवढी गोळी घ्या. त्यात एक माचिसची काडी उभी खोचा. हात टेबलावर उताणा ठेवून, अंगठ्याच्या बाजूला जिथे नाडी लागते तिथे ही गोळी ठेवा. काडीचं टोक हळूहळू डुलताना दिसेल. १५ सेकंदांत ती किती वेळा डुलली ते मोजा आणि ४ ने गुणा. झाले मिनिटाचे ठोके! नंतर मुलांना जागेवर वीस उड्या मारायला लावा आणि परत मोजा. मोठ्या माणसाचे ठोके आरामात असताना मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात, तान्ह्या बाळाचे १०० ते १६०. मुलांचे आकडे या दोन्हींच्या मध्ये कुठे बसतात ते फळ्यावर मांडा. गुणाकाराचाही सराव होतो.

मिठाच्या पाण्यापासून पट्टीपर्यंत

हृदयाची ती क्षीण वीज कागदावर नीट उमटवणारं यंत्र नेदरलँड्समधल्या लायडन इथे विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलं. ते पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागायची. रुग्णाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे, कारण मिठाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते. या कामासाठी आइंटहोवेन यांना १९२४ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. आज दवाखान्यात आपण ज्याला ईसीजी काढणं म्हणतो, त्याची ही सुरुवात.

पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी चालत्या-फिरत्या माणसाचा ईसीजी घेण्यासाठी पाठीवर बांधायचं यंत्र केलं. त्याचं वजन सुमारे ३८ किलो! आपण मुलांच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल बोलतो, हे तर अख्खं एक मूल पाठीवर घेण्यासारखं झालं. नंतर यंत्रं लहान होत गेली. आता होल्टर खिशात मावतो. पण एक गोष्ट मात्र बदलली नाही. यंत्र कडक, त्वचा मऊ. त्या दोघांना जोडायला चिकटपट्टी आणि वायर.

ज्यांनी घरात कोणाला अतिदक्षता विभागात बघितलं असेल त्यांना हे चित्र माहीत आहे. छातीवर चिकटवलेल्या गोल चकत्या, बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, आणि या सगळ्यांच्या वायरी पलंगाशेजारच्या मॉनिटरला गेलेल्या. कूस बदलायची म्हटलं तरी कोणीतरी वायरी सांभाळायला लागतं.

कडक वस्तू मऊ कशी करायची?

इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा जीव असतो सिलिकॉनच्या चिपमध्ये. सिलिकॉन काचेसारखं ठिसूळ असतं, वाकवलं की तडकतं. मग ते कोपरावर कसं लावणार? शास्त्रज्ञांनी यावर तीन वाटा काढल्या.

पहिली वाट: अतिशय पातळ करणं. सुतार रंधा मारतो तेव्हा लाकडाची पातळ साल गोल वळून बाहेर पडते. लाकूड तेच, पण फळी वाकत नाही आणि साल बोटाभोवती गुंडाळता येते. याचा हिशेब असा: वस्तूची जाडी निम्मी केली की तिचा वाकायला होणारा विरोध आठपट कमी होतो. जाडी दहापट कमी केली की विरोध हजारपट कमी. सिलिकॉनही पुरेसं पातळ केलं की कागदासारखं लवतं.

टोकियो विद्यापीठातले ताकाओ सोमेया यांच्या गटाने २०१३ साली अशी प्लास्टिकची इलेक्ट्रॉनिक पापुद्री दाखवली की जिचा पाया फक्त एक मायक्रोमीटर जाड होता, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एक चौरस मीटर पापुद्र्याचं वजन ३ ग्रॅम. शाळेत झेरॉक्सच्या कागदाचा गठ्ठा येतो त्यावर ७५ किंवा ८० जीएसएम असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ७५ किंवा ८० ग्रॅम. त्याच्या तुलनेत ही पापुद्री सुमारे २५ पट हलकी! ती चुरगळली तरी चालू राहत होती.

दुसरी वाट: तार नागमोडी करणं. पातळ वस्तू वाकते, पण वाकणं आणि ताणणं वेगळं. कागद वाकतो, ताणला तर फाटतो. त्वचा तर ताणली जाते. मग सोन्या-तांब्याची तार ताणायची कशी? सरळ तार न घालता ती नदीच्या वळणांसारखी, सापासारखी वळवत न्यायची. ओढलं की वळणं उघडतात, सोडलं की परत मिटतात. तार स्वतः जवळजवळ ताणली जातच नाही. हे शब्दांत सांगण्यापेक्षा मुलांना करून दाखवलेलं बरं.

कृती २: न ताणता लांब होणारा कागद. जुन्या वहीच्या कागदाची १५ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. एकदा डाव्या बाजूने आणि एकदा उजव्या बाजूने, अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर, समोरच्या कडेच्या थोडं अलीकडेपर्यंत काप द्या. आता दोन्ही टोकं धरून हलकेच ओढा. पट्टी लांब होते. सोडली की बरीचशी मिटते. किती लांब झाली ते मोजपट्टीने मोजून लिहा. तशीच एक न कापलेली पट्टी ओढून बघा, ती फाटेल. दिवाळीला कागद दुमडून, कापून जाळी करतात ती मुलांना माहीत असते, तिच्यातही हेच तत्त्व आहे. "कागद लांब झाला का, की त्याची वळणं उघडली?" हा प्रश्न नक्की विचारा. त्यावर चांगली चर्चा होते.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०११ साली या दोन्ही वाटा एकत्र केल्या. केसाच्या जाडीपेक्षाही पातळ, नागमोडी तारांची पट्टी त्यांनी मऊ पापुद्र्यावर बसवली. ती त्वचेवर लावण्याची पद्धत मुलांना लगेच कळेल अशी आहे. च्युइंगमबरोबर पाण्याने चिकटवायचे टॅटू मिळतात ना, अगदी तसंच! पाणी लावलं की आधाराचा कागद विरघळतो आणि पट्टी अंगावर राहते. वेगळा डिंक लागत नाही. वस्तू पुरेशी पातळ आणि मऊ असली की ती त्वचेच्या बारीक रेषांमध्ये घट्ट बसते आणि अगदी जवळ आलेल्या दोन पृष्ठभागांमधल्या नैसर्गिक आकर्षणानेच टिकून राहते. हीच पट्टी घशावर लावून त्यांनी बोलताना होणारी स्नायूंची हालचाल टिपली आणि "वर, खाली, डावीकडे, उजवीकडे" एवढ्या शब्दांवर संगणकावरचा खेळ चालवून दाखवला.

तिसरी वाट: पदार्थच वेगळा घेणं. प्लास्टिकमधून वीज जात नाही, असं आपण शिकवतो आणि नेहमीच्या प्लास्टिकसाठी ते बरोबरच आहे. वायरीवर प्लास्टिकचं आवरण त्यासाठीच असतं. पण १९७७ साली हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन नावाच्या प्लास्टिकला आयोडीनसारख्या पदार्थाची बाधा दिली, तेव्हा त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता सुमारे एक कोटी पट वाढली. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातून जन्मलेली वीजवाहक प्लास्टिकं आज ई-स्किनमध्ये वापरतात. मुळातच मऊ असलेल्या पदार्थाचं सर्किट बनवायचं, अशी ही तिसरी वाट.

सर्वांत नाजूक त्वचा कोणाची?

इतका खटाटोप कशासाठी? धावपटूंचे ठोके मोजण्यासाठी घड्याळं आहेतच. माझ्या मते या शोधाचा खरा कस लागतो तो वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत.

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अशी जन्मली, आणि त्यांत सर्वांत जास्त बाळं भारतातली होती. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या गावात, नात्यात, वर्गात अशी मुलं आहेत. बऱ्याच जणांनी काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ पाहिलेलं असतं.

मोठ्या माणसाच्या त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या कवचात पेशींचे दहा ते वीस थर असतात. फार लवकर जन्मलेल्या बाळात ते दोन-तीनच असतात. अशा त्वचेवर ईसीजीची चकती चिकटवायची आणि नंतर ती काढायची, म्हणजे चिकटपट्टीबरोबर कातडीही निघू शकते. जखम होते, जंतुसंसर्गाची भीती असते, कधी आयुष्यभराचा व्रण राहतो. बाळ वाचावं म्हणून लावलेल्या साधनानेच त्याला इजा होते. दुसरा उपाय नसल्याने डॉक्टर आणि परिचारिका जिवापाड काळजी घेत हेच करत आलेले आहेत.

आणि दुसरी अडचण आईची. अशा बाळाला आईने उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं धरून ठेवणं याला कांगारू मदर केअर म्हणतात. कोलंबिया देशातल्या बोगोटा इथे १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी, पेट्या अपुऱ्या पडत होत्या तेव्हा, ही पद्धत सुरू केली. गरजेतून निघालेला हा उपाय किती मोलाचा आहे ते पुढे मोजमापाने सिद्ध झालं. भारतासह पाच देशांत, ३,२०० हून जास्त कमी वजनाच्या बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. भारतातला भाग दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाला. ज्या बाळांना जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी ठेवलं त्यांच्यात पहिल्या २८ दिवसांत शंभरामागे १२ बाळं दगावली. ज्यांना आधी स्थिर होईपर्यंत वेगळं ठेवलं त्यांच्यात शंभरामागे जवळजवळ १६. आईची ऊब हे नुसतं मायेचं बोलणं नाही, तो उपचार आहे.

आता कल्पना करा. बाळ एक-दीड किलोचं. अंगावर वायरी. प्रत्येक वायर पेटीशेजारच्या यंत्राला जोडलेली. आईला बाळ घ्यायचंय, पण वायर निघाली तर? धोक्याचा गजर वाजला तर? वायरींच्या भीतीने बाळ उचलायलाच मन धजत नाही.

दोन पट्ट्या आणि एकही वायर नाही

जॉन रॉजर्स नंतर शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आले. तिथे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. एमी पॅलर आणि इतर डॉक्टरांसोबत त्यांच्या गटाने अशा बाळांसाठी दोन मऊ पट्ट्या तयार केल्या. शिकागोतल्या रुग्णालयांत त्या बाळांवर वापरून बघितल्या आणि २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

एक पट्टी छातीवर. ती हृदयाची वीज टिपते, म्हणजे ईसीजी. त्यातूनच श्वासाचा वेगही कळतो. दुसरी पट्टी पायाच्या तळव्याला गुंडाळायची. ती प्रकाश सोडते आणि रक्तातला ऑक्सिजन मोजते. दोन्ही पट्ट्या तापमानही मोजतात. चिकटण्यासाठी वापरलेला थर नेहमीच्या चिकटपट्टीपेक्षा खूप सौम्य आहे, त्यामुळे काढताना त्वचा ओढली जात नाही.

दोनच पट्ट्या का, हे मुलांना कोड्यासारखं विचारता येईल. हृदयाचा ठोका छातीवर आधी कळतो आणि त्याची लाट पायापर्यंत थोड्या वेळाने पोहोचते. वीज चमकते आधी आणि गडगडाट ऐकू येतो नंतर, त्या दोघांतल्या अंतरावरून वीज किती लांब पडली याचा अंदाज करतो ना, तसंच काहीसं. छातीपासून पायापर्यंत लाटेला किती वेळ लागला यावरून रक्तदाबाचा अंदाज बांधता येतो. एरवी त्यासाठी इवल्याशा हाताला पट्टा आवळावा लागतो किंवा रक्तवाहिनीत नळी घालावी लागते.

मग वीज कुठून येते? त्या पहिल्या पट्ट्यांमध्ये सेलच नव्हता. मेट्रोचं कार्ड आठवा. त्यात सेल नसतो, पण यंत्राजवळ नेलं की काम करतं, कारण यंत्रातल्या अँटेनातून त्याला तेवढ्यापुरती ऊर्जा मिळते. तशीच एक अँटेना बाळाच्या गादीखाली ठेवायची. तिच्याकडून पट्टीला ऊर्जा मिळते आणि पट्टीकडून तिला आकडे मिळतात. आईने बाळाला छातीशी घेतलेलं असतानाही नोंदी मिळत राहतात, हे त्या अभ्यासात दाखवलं होतं. पुढच्या पट्ट्यांमध्ये छोटी बॅटरी घातली गेली, म्हणजे अँटेना जवळच हवी हे बंधनही सैल झालं.

कृती ३: लाल बोट. खोलीत थोडा अंधार करून मोबाईलच्या टॉर्चवर बोट ठेवा. बोट लाल दिसतं. पांढऱ्या प्रकाशातले बाकीचे रंग बोटात जास्त शोषले जातात, लाल त्यातल्या त्यात आरपार येतो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि ऑक्सिजन सोडलेलं रक्त, लाल प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतात. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचा चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर, घरोघरी पोहोचला. तो याच तत्त्वावर चालतो. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली ही कल्पना मांडली. बाळाच्या पायावरची पट्टी तेच काम करते, फक्त कडक चिमट्याशिवाय. (टॉर्चकडे डोळे लावून बघायचं नाही, हे मुलांना आधीच बजावा.)

घामाचं काय?

त्वचेचा तिसरा गुण आठवा: घाम जाऊ देणं. जखमेवरची पट्टी दोन दिवस ठेवली की खाली त्वचा पांढरी आणि सुरकुतलेली होते. मे महिन्यात तर खाज सुटते. ई-स्किन आठवडाभर ठेवायची तर हा प्रश्न सुटायलाच हवा.

सोमेया यांच्या गटाने २०१७ साली यावर छान उपाय दाखवला. पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म धाग्यांची जाळी करायची आणि तिच्यावर सोन्याचा थर द्यायचा. ही जाळी त्वचेवर ठेवून वरून पाणी फवारायचं. धागे विरघळून जातात, सोन्याची जाळी त्वचेला चिकटून राहते. विरघळलेला पदार्थच डिंकाचं काम करतो. जाळी असल्याने हवा आणि घाम ये-जा करू शकतात. वीस जणांनी ती आठवडाभर लावून ठेवली आणि कोणाच्याही त्वचेवर दाह दिसला नाही.

आणि त्वचेचं मूळ काम, स्पर्श? त्यावरही काम चालू आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या झेनान बाओ यांच्या गटाने २०१० साली सूक्ष्म पिरॅमिडच्या आकाराचे उंचवटे असलेल्या रबरापासून असा संवेदक केला की त्यावर माशी बसली तरी कळावं. कृत्रिम हात लावलेल्या माणसाला पुन्हा स्पर्श कळावा, हे या कामाचं दूरचं ध्येय आहे. तिथपर्यंत पोहोचायला अजून वेळ आहे.

सावध कुठे राहायचं?

कौतुक झालं. आता दुसरी बाजूही मुलांसमोर आणि पालकांसमोर ठेवायला हवी.

पहिली गोष्ट त्वचेच्या रंगाची. प्रकाशाने मोजायचं म्हटलं की त्वचेचा रंग मध्ये येतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांपेक्षा कमी असल्याचं कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के वेळा आढळलं आणि गोऱ्या रुग्णांमध्ये ३.६ टक्के वेळा. म्हणजे यंत्र "सगळं ठीक" म्हणत होतं आणि ठीक नव्हतं. आपल्याकडे सावळ्या, काळ्या रंगाची माणसं भरपूर. कोणतीही पट्टी आपल्याकडे येईल तेव्हा "ही आमच्या रंगाच्या त्वचेवर तपासली आहे का?" हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

दुसरी गोष्ट, मोजणं म्हणजे निदान नव्हे. हालचाल झाली, पट्टी सैल झाली तरी आकडा चुकतो. निरोगी बाळासाठी घरी वापरायची ठोके-श्वास मोजणारी साधनं बाजारात मिळतात. पण झोपेत अचानक होणारे मृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून ती घरी वापरू नयेत, असाच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. बाळ सुस्त वाटतंय, दूध ओढत नाही, श्वास जोरात चालतोय, असं दिसलं तर आकडा काय सांगतो हे बघत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

तिसरी गोष्ट आपल्या शाळेशी संबंधित आहे. २०१९ साली चीनमधल्या झेजियांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला मेंदूतल्या लहरी टिपणारे पट्टे लावून त्यांचं वर्गात लक्ष किती आहे ते मोजत असल्याचं समोर आलं. त्यावर लोकांनी खूप टीका केली आणि तिथल्या शिक्षण विभागाने वापर थांबवायला लावला. ते पट्टे ई-स्किन नव्हते. पण उद्या तेच काम कोणालाही न दिसणाऱ्या पट्टीने करता येईल. बाळाच्या छातीवरची पट्टी बाळासाठी मोजते, त्याला आईजवळ जाऊ देते. मुलाच्या डोक्यावरचा पट्टा कोणासाठी मोजतो? चौथीतलं मूल खिडकीबाहेर बघतंय ते कंटाळून, भुकेने की घरच्या काळजीने, हे पट्टा सांगणार नाही. ते त्याच्याजवळ जाऊन विचारावंच लागतं.

म्हणून नवीन साधनाची बातमी आली की मुलांना तीन प्रश्न विचारायची सवय लावू या. हे कशाचं मोजमाप करतं? ज्याच्या अंगावर लावलंय त्याचा यात काय फायदा? आणि आकडे कोणाकडे जातात?

मुलं हमखास विचारतील असे प्रश्न

पट्टीचा शॉक लागेल का? नाही. छातीवरची पट्टी अंगात वीज सोडत नाही, अंगातलीच क्षीण वीज टिपते.

सोनं कशाला वापरतात, महाग नाही का? सोनं गंजत नाही आणि घामानेही खराब होत नाही. थर इतका पातळ असतो की सोनं अगदी नगण्य लागतं.

इलेक्ट्रॉनिक त्वचा फाटली तर खऱ्या त्वचेसारखी भरून येते का? स्वतःला सांधणारे पदार्थ प्रयोगशाळेत तयार झाले आहेत. पण आपल्या त्वचेइतकं सफाईदारपणे, आयुष्यभर हे काम करणारं काही अजून कोणाला जमलेलं नाही.

हे शेवटचं उत्तर मला फार आवडतं. मुलांनी आपल्याच हाताकडे बघावं, गुडघ्यावरची खरचटलेली जागा आठवावी आणि ती आपोआप कशी भरून आली याचं नवल करावं, असं वाटतं. इतके शास्त्रज्ञ, इतकी वर्षं ज्याची नक्कल करत आहेत ते आपल्या प्रत्येकाच्या अंगावर आहे.

तिन्ही कृती एका तासिकेत होतात. वर्गात करून बघा, घरी पालकांनीही मुलांसोबत करून बघा. आणि मुलांनी एखादा भन्नाट प्रश्न विचारला तर जरूर कळवा. उत्तर आपण मिळून शोधू.